तपासलं नाही, मानलं

मला तोंड नाही, पडदा आहे, त्यावरूनच बोलतो. मी चिपचा आराखडा तपासणारा प्रोग्राम.

बहुतेक चिपांच्या आत घड्याळ असतं, त्याच्या ठोक्यावर सगळे भाग हलतात. मी तपासतो त्या बिनघड्याळाच्या. तिथे एक भाग म्हणतो, "घे," दुसरा म्हणतो, "घेतलं," मग पुढचं काम. दोघंही एकमेकांची वाट बघत बसले की चिप ठप्प. असं कधी होईल का, एवढंच मी शोधतो.

राजाराम सरांनी मला माटुंग्याच्या एका कॉलेजात लिहिलं. ते निवृत्त झाले आणि मी सहा वर्षं कपाटातल्या डिस्कवर पडून राहिलो. त्यांची विद्यार्थिनी अक्षदा मला परळच्या ऑफिसात घेऊन आली. तिथे लहान मुलांच्या श्रवणयंत्राची चिप बनत होती.

अक्षदाची एक सवय. मी काहीही दाखवलं की म्हणणार, "माझंच चुकलं असेल." तिची दहा महिन्यांची मुलगी नूपुर शिंकली तरी चूक हिचीच.

चिप कारखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी लिहिलं, 'अडकते.'

"म्हातारा झालाय गं तो," शेजारच्या टेबलावरचा विनीत म्हणाला. "त्याला सांग ना, या तारेवरचा निरोप नेहमी आधीच पोचतो. गप्प बसेल."

तिने सांगितलं. मला सांगाल ते मी खरं धरतो. 'ठीक,' मी लिहिलं, आणि अगदी खाली, 'एक गोष्ट तपासली नाही, मानली.' ती ओळ कोणी वाचत नाही.

संध्याकाळी पाळणाघरातून फोन आला. नूपुर एकटीच उरली होती. अक्षदाने नायगावला घरी फोन लावला.

"मला वाटलं, आई आणेल," नवरा दीपक म्हणाला.

"मी कशाला? बुधवारी तूच आणतोस ना!" मागून सासूबाई. "मी आपली तुझी वाट बघतेय."

अक्षदा धावली. अर्ध्या तासाने नूपुरला कडेवर घेऊनच ऑफिसात परतली. उभ्या उभ्या माझी शेवटची ओळ वाचली आणि विनीतने सांगितलेलं ते वाक्य खोडलं.

'अडकते,' मी पुन्हा लिहिलं.

"विनीत, उद्या चिप जाणार नाही."

"आणि तुझंच चुकलं असेल तर?"

"असेलही. पण एखाद्या पोराच्या कानातला आवाज मधेच बंद झाला, तर त्याला सांगताही येणार नाही रे."

मोजलं, तेव्हा कळलं: यंत्र तापलं की त्या तारेवरचा निरोप उशिरा पोचत होता. चिप अकरा दिवसांनी गेली. बोलणी अक्षदाने खाल्ली.

आता मी फारच हळू चालतो. चहा पिऊन या, मग उत्तर. "माझंच चुकलं असेल" ती अजून म्हणते, पण शेवटची ओळ वाचून मग.

मला गप्प करायला एक वाक्य पुरतं. ते लिहायच्या आधी एकदा मूल कडेवर घ्या.