भिंतीवरचा बाप्या

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. समजा, तुम्ही शाळेतून घरी आलात आणि पाहता तर काय, तुमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर एक दांडगा माणूस रंगवलेला. अंगात नुसतं बनियन आणि चड्डी. दंड फुगवून रस्त्याकडे बघत हसतोय. खाली हातभर अक्षरं : 'आतून राजा!' हसलात ना? हसा. सुगंधाबाईनं मात्र आपल्या भिंतीवर तो बघून तोंड फिरवलं.

तिचं घर जामनेर-पहूर रस्त्याला लागून. नवरा गिरधर उन्हाळाभर एसटीतल्या प्रवाशांना गार पाणी पाजायचा, म्हणून त्या थांब्याला सगळे 'गिरधर आबाचा थांबा' म्हणत. आबा गेले, पण कंडक्टर रोज त्यांचं नाव पुकारायचे. ओट्यावर गहू निवडताना ते कानावर पडलं, की सुगंधाबाईचा हात क्षणभर थांबायचा.

"जित्या, हे काय रे उभं केलं दारात?" तिनं मुलाला विचारलं.

"व माय, बनियन-चड्डीची जाहिरात हाये. तिच्या बदल्यात कंपनीच्या पेंटरनं बाकीचं घर फुकट रंगवून देलं. वर्षभर राहू दे."

"फुकटच्या रंगापायी उघडा बाप्या दारात? तुह्या बापानं सदरा घातल्याबिगर ओट्यावर पाय नाही ठेवला कधी!"

"उघडा कुठी हाये? चड्डी घातली ना त्यानं!"

जितेंद्र हसत शेतात निघून गेला.

भिंतीवर जाहिरात आली, की ती भिंत कुणाचीच राहत नाही, असं लोकांना वाटतं. येणारेजाणारे त्या बाप्याच्या पायाशी गुटखा थुंकू लागले. ट्रकवाले गाडी थांबवून तिथंच लघवीला उभे राहू लागले. सकाळ झाली की सुगंधाबाई नाकाला पदर लावून बादल्या ओतायची, तरी चुलीपर्यंत वास यायचा. त्यातच एका कंडक्टरनं गमतीनं आरोळी ठोकली, "चला, चड्डी स्टॉप!" गाडीभर हशा पिकला आणि तेच नाव रुळलं.

एका सकाळी तिनं शेण कालवलं आणि हात पोचेल तिथवर भिंत सारवून काढली. जन्मभर मातीच्या भिंती सारवलेली बाई ती. ऑइलपेंट शेण धरत नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार? दुपारच्या उन्हात पोपडे सुटले. संध्याकाळी तो बाप्या पुन्हा तसाच हसत उभा. फक्त चड्डीवर शेणाचा एक डाग तेवढा राहिला. मग काय, पोरं त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढू लागली.

पुढच्या आठवड्यात ती तिसरीतल्या नातीला, डिंपलला, घेऊन जामनेरच्या बाजारातून परतत होती. गाडी थांबली.

"चला, चड्डी स्टॉप!" कंडक्टर ओरडला.

"आजी, घाई करा, राजा वाट पाहू राह्यला!" मागून कुणीतरी म्हणालं. गाडी खदखदून हसली.

सुगंधाबाईनं पदर तोंडाशी धरला आणि भाजीची पिशवी उचलली. कधी एकदा घरात शिरून दार लावून घेते, असं तिला झालं होतं. डिंपल मात्र पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसून राहिली.

"ऊठ व बाई, थांबा आला."

"हा आपला नाही," डिंपल म्हणाली. "आपला गिरधर आबाचा हाये. तो त्यायनं पुकारलाच नाही."

"ए पोरी, उतरतेस का नाही?" कंडक्टर खेकसला.

"तुमी पुकारा, मंग उतरते."

"एवढीशी पोरगी अन् मलाच शिकवते!" त्यानं दोनदा घंटी मारली.

गाडी हलली. खिडकीतून घर मागे गेलं, भिंतीवरचा तो बाप्याही गेला. सुगंधाबाई पुन्हा खाली बसली.

दोघी पहूरला उतरल्या. ऊन मी म्हणत होतं. डिंपलनं आजीच्या हातातली पिशवी ओढून घेतली, डोक्यावर ठेवली आणि आल्या रस्त्यानं घराकडे चालू लागली.