नोंद नसलेला टर्बो

मित्रांनो, मी एक जुना टर्बोचार्जर आहे. नाव तोंडात मावत नाही म्हणून सगळे मला नुसते टर्बो म्हणतात. दिसायला मी थेट गोगलगाय. ‘गोगलगाय, पोटात पाय’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. माझ्या पोटात पाय नाहीत, दोन चक्रे आहेत. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो. त्याबरोबर दुसरे फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा वाढली की गाडीची ताकद वाढते. वाया जाणाऱ्या धुरातून ताकद काढणारा मी, तेव्हा थोडा गर्विष्ठ असणारच.

माझी उमेदीची वर्षे एका दणकट जीपमध्ये गेली. तिचे इंजिन माझ्यासाठीच घडवलेले होते आणि तिचे ब्रेकही माझा जोर ओळखून होते. चढावर मोठमोठ्या गाड्या धापा टाकायच्या तेव्हा आम्ही शीळ घालत पुढे जायचो. पुढे जीप मोडीत निघाली. मला एका गॅरेजवाल्याने उचलले आणि फुटक्या दिव्यांशेजारी फळीवर टाकले. माझ्यावर धूळ चढली. ज्याला धुराची सवय, त्याने धूळ खात पडावे, याचे मला फार वाईट वाटे.

एके दिवशी गॅरेजात धाकटे मास्तर आले. त्यांचे वडील, म्हणजे थोरले मास्तर, ड्रायव्हिंग स्कूल चालवत. शाळेची गाडी म्हातारी झाली होती. परीक्षेच्या रस्त्यावर एक उभा चढ होता आणि तिथे ती मध्येच बंद पडायची. शिकणारे घाबरायचे, मागचे हॉर्न मारायचे. नवी गाडी घ्या, असे वडिलांना सांगायची धाकट्यांची छाती होत नव्हती. त्यांची नजर माझ्यावर पडली.

गॅरेजवाला मला पुसत म्हणाला, “बसवतो की! पण वाहन कार्यालयात नोंद करावी लागेल हां. विमा कंपनीलाही कळवायला हवं.”

“अहो, आमच्या गाडीवर फेरबदलाची नोंद आहेच,” धाकटे मास्तर म्हणाले. “विमावाल्यांनाही ठाऊक आहे. बाबांनी तेव्हाच सगळं करून घेतलंय.”

मित्रांनो, घोटाळा इथेच झाला. शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक क्लच आणि ब्रेक असतो ना, त्याची ती नोंद होती. थोरल्या मास्तरांनी ती रीतसर करून घेतली होती. एकदा फेरबदलाचा शिक्का बसला की पुढचे सगळे त्यातच आले, असे धाकट्यांनी मनाशी धरले. घराला खिडकी पाडायची परवानगी मिळाली म्हणून कोणी वर मजला चढवतो का? गॅरेजवाल्याने कागद बघायला मागितला नाही आणि थोरल्यांना तर कोणी विचारलेच नाही.

मी त्या लहानशा गाडीत बसलो. नाकापेक्षा मोती जड! चढावर गाडी भरारा गेली. थोरले मास्तर म्हणाले, “गाडीला आज काय झालंय? तरणी झाली की!” धाकटे नुसते हसले.

माझी एक खोड शिकणाऱ्यांना कोणी सांगितली नव्हती. पाय दाबला की क्षणभर मी काहीच करत नाही, कारण धूर साठायला वेळ लागतो. मग एकदम उसळतो. नवशिक्या माणसाला वाटते, गाडी ऐकत नाही. तो आणखी दाबतो, आणि नेमका तेव्हाच मी जागा होतो.

त्या गाडीवर एक शिंपीणकाकू शिकायला येत. ठेंगण्या असल्याने स्वतः शिवलेली उशी खाली घेऊन बसत. त्यांच्या यजमानांची नजर अधू होत चालली होती आणि त्यांना उपचारांसाठी दूरच्या दवाखान्यात न्यावे लागे. घरची गाडी दारात उभी होती, चालवणारे कोणी नव्हते. “या वयात काय शिकणार!” म्हणून शेजारीपाजारी हसले, तरी काकू हटल्या नाहीत.

त्या सकाळी चढाच्या तोंडाशी, एका फाटकासमोर, त्यांनी गाडी उचलली. पाय दाबला. काही झाले नाही. आणखी दाबला. मी उसळलो. धाकट्या मास्तरांनी आपला ब्रेक दाबला, पण अंतर उरले नव्हते. फाटक वाकले आणि त्याच्याजवळ सायकल धरून उभा असलेला पाववाला खाली पडला. त्याचा पाय मोडला.

पोलीस आले तेव्हा काकू थरथरत एकच वाक्य बोलत होत्या, “माझाच पाय जास्त पडला.” धाकट्या मास्तरांनी मान खाली घातली. माझे नाव त्यांनी काढलेच नाही.

गाडी ओढून त्याच गॅरेजात आणली. दुपारी विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येणार होता.

“साहेब, हा टर्बो दिसला तर गाडीचा दावा गेलाच म्हणून समजा,” गॅरेजवाला म्हणाला. “शाळेच्या परवान्यावरही येईल. सर्व्हेअर यायच्या आत उतरवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“बाबांना कळता कामा नये. उतरवा,” धाकटे मास्तर म्हणाले.

शटर अर्धे खाली आले. पाना माझ्या बोल्टला लागला. पहिला बोल्ट सुटला, दुसरा कुरकुरला. मित्रांनो, मी संतापलो होतो. मला जीभ असती तर ओरडलो असतो. मी गेलो की मागे एकच कारण उरणार होते, काकूंचा पाय. चोर सोडून संन्याशाला फाशी!

एवढ्यात शटरखालून वाकून कोणीतरी आत आले. काकूच होत्या.

“माझी उशी राहिली गाडीत,” त्या म्हणाल्या. “आता ती लागायची नाही म्हणा. यांना सांगितलं, गाडी विकून टाका. पाववाल्याकडे जाऊन आले. त्याच्या पोरीनं मला पाणी दिलं हो! मला ते गिळवेना.”

धाकटे मास्तर बॉनेटला टेकून उभे होते.

“काकू, शिकणं सोडू नका,” ते कसेबसे म्हणाले.

“नको रे बाबा. शेजारी हसायचे ते खरंच होतं. माझ्या पायाला अक्कल नाही.”

त्या उशी काखेत घेऊन शटरकडे वळल्या. बाहेर एक मोटारसायकल थांबली. सर्व्हेअर आला होता. गॅरेजवाला पुटपुटला, “साहेब, मी त्याला चहाला नेतो. तुम्ही एवढा बोल्ट काढा.” पाना त्याने धाकट्यांच्या हातात दिला.

धाकट्यांनी पाना बोल्टवर ठेवला. मी वाट पाहत होतो. आणि बोल्ट घट्ट झाला! मग पहिलाही परत बसला. त्यांनी शटर पूर्ण वर ढकलले.

“काकू, थांबा. हे तुम्हीही ऐका,” ते म्हणाले आणि सर्व्हेअरकडे वळले. “या गाडीत मी टर्बो बसवलाय. नोंद केली नाही, तुम्हाला कळवलं नाही. गाडी अचानक उसळली ती त्याच्यामुळे. यांचा काही दोष नाही.”

काकू तिथेच उशीवर बसल्या आणि रडू लागल्या.

पुढचे दिवस सोपे नव्हते. गाडीचा दावा नाकारला गेला. पाववाल्याला विमा कंपनीने भरपाई दिली, पण ती मास्तरांकडून वसूल करायला काढली. शाळेचा परवाना काही काळ थांबला. थोरले मास्तर मुलाशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी त्याच्या ताटात भाजी वाढत म्हणाले, “मला विचारलं असतंस तर ओरडलो असतो. एवढंच झालं असतं.”

मला उतरवले गेले, पण या वेळी सर्वांदेखत. आता मी शाळेच्या वर्गात, फळ्याखालच्या टेबलावर असतो. नव्या विद्यार्थ्यांना धाकटे मास्तर पहिल्या दिवशी मलाच दाखवतात आणि सगळी हकिकत सांगतात.

मित्रांनो, ताकद वाईट नसते. पण गाडीत काही नवे बसवाल तर आधी ती गाडी ते पेलेल का, ते जाणत्याला विचारा. मग वाहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला कळवा, आणि ती चालवणाऱ्याला तर नक्कीच सांगा.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर काकू परत शिकायला आल्या. परीक्षा पास झाल्यावर त्या पेढ्यांचा पुडा आणि काखेत उशी घेऊन वर्गात आल्या होत्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले, उलटसुलट करून पाहिले.

“एवढासा हा?” त्या म्हणाल्या. “आणि मी माझ्या पायाला शिव्या देत होते!”

मग त्यांनी मला खाली ठेवले, उशी उचलली आणि बाहेर गाडीत वाट पाहणाऱ्या यजमानांकडे गेल्या. गाडी सुरू झाल्याचा आवाज मी ऐकला. ती अगदी हळू, न उसळता, रस्त्याला लागली.