कुलगुरूंचा पांढरा झगा

केंब्रिजमध्ये आमच्या कॉलेजचे धुणे मी धुवायचे. बायकांना फाटकाच्या आत बंदी होती, त्यामुळे टोपली फाटकातच भरायची आणि फाटकातच रिकामी करायची. कॉलेजचे प्रमुख डॉक्टर विदरिक त्या वर्षी साऱ्या विद्यापीठाचे कुलगुरू होते. राणीसाहेबांचा हुकूम आला, की प्रार्थनेला प्रत्येकाने पांढरा झगा घालायचा. डॉक्टर म्हणाले, हा पोपच्या पाद्र्यांचा पोशाख, मी अंगाला लावणार नाही. न घातला तर पद जाणार होते आणि पदाबरोबर फाटकाबाहेरचे राहते घर. घरात बायको, तीन मुले.

मला या भांडणाचे मोठे कुतूहल होते. आधीच्या राणीच्या काळात पोपची माणसे होती, त्यांचेही झगे मीच पिळले. राखेच्या पाण्यात सगळ्यांचा मळ सारखाच निघाला. मग डॉक्टरांना त्यात दिसत होते तरी काय?

ईस्टरच्या आधीच्या उपासाचे दिवस होते. मी टोपली घेऊन गेले तर फाटकात राणीचे अधिकारी सर राल्फ ब्रोम कारकुनाला घेऊन उभे.

"काय गं बाई, कुलगुरूंचा झगा धुवायला येतो का?"

फाटकावरचा हॉबकिन हळूच म्हणाला, "नीट सांग हो म्हातारे. आतल्या पंडितांना विचारून झालं, सगळ्यांची दातखीळ बसलीय."

मला डॉक्टरांची धाकटी आठवली. नुकती चालायला लागली होती.

"येतो तर!" मी म्हटले. "दर महिन्याला. डाव्या बाहीवर मेण सांडून ठेवतात. किती वेळा म्हटलं, डॉक्टरसाहेब, मेणबत्ती जरा लांब धरा. पण शिकलेली माणसं ऐकतात होय?"

सर राल्फ हसले. "घ्या लिहून. एवढ्यासाठी लंडनहून कंबर मोडून घेतली मी."

तेवढ्यात डॉक्टर अंगणातून येत होते. त्यांनी ऐकले. मी डोळ्यांनी खुणावले, पण ते थांबले नाहीत.

"खोडा ते, साहेब. माझा झगा पेटीत आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही."

"अहो, बाईनं वाचवलं होतं की तुम्हाला!"

"ठाऊक आहे."

"मग आज संध्याकाळी घाला. एकदाच. बाह्यांत हात घालून नुसते उभे राहा, मी लांबूनच बघेन."

"नाही जमायचं."

सर राल्फनी कारकुनाला ती ओळ खोडायला लावली. मग माझ्याकडे वळले. "आणि तू गं?"

"मला मेलीला काय, सगळे झगे सारखेच दिसतात."

हॉबकिनने तोंड फिरवून खोकल्यात हसू दाबले. सर राल्फ कारकुनाला घेऊन आत गेले.

आठवडा उलटला, डॉक्टरांचे पद गेले आणि त्यांच्या दारात सामानाची गाडी आली. बाईसाहेब पोरांना वर चढवत होत्या. मला राहवेना.

"डॉक्टरसाहेब, खोटं मी बोलले होते. पाप लागलं असतं तर मला. तुम्ही गप्प का नाही बसलात? एवढं काय आहे त्या कापडात?"

ते दोरी आवळत होते. "पहिल्यांदा वाटलं होतं, पाप आहे. आता तितकी खात्री नाही, सिसलीबाई."

"अगंबाई! मग?"

"माझं ऐकून दोन विद्यार्थ्यांनी झगा घातला नाही. त्यांना काढून टाकलं. एक जण आता बापाच्या दुकानात मासे खारवतो. मी झगा घालत होतो असं त्याच्या कानावर गेलं तर त्याला काय वाटेल?"

बाईसाहेबांनी गाडीतून पांढरी घडी माझ्या अंगावर टाकली. "घेऊन जा हो हे. पेटीत पोरांचे कपडे मावत नाहीत."

घरी आल्यावर दार लावून मी तो झगा अंगात घातला. चुलीपाशी उभी राहून वाट पाहिली. देव आला नाही, सैतानही आला नाही. लांबीला मात्र जास्त होता. पायात येत होता.