ताईंच्या उजव्या हातातला व्हर्निअर

लेथ मशीनशेजारच्या लाकडी पेटीत पाच वस्तू होत्या: दोन स्पॅनर, एक पितळी हातोडी, एक ब्रश आणि मी.

मित्रांनो, मी एक जुना व्हर्निअर कॅलिपर आहे. रेघा कोरलेली पोलादी पट्टी, तिच्यावर सरकणारा छोटा तुकडा आणि दोन जबडे, एवढाच माझा देह. जबड्यांत वस्तू धरली की मी तिची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत सांगतो. मला घडवणाऱ्यांनी एकेक रेघ भिंगाखाली तपासली होती. कारखान्यातून मी थेट या वर्कशॉपमध्ये आलो आणि लेथवर काम करणाऱ्या ताईंच्या हाती पडलो. गरगर फिरणाऱ्या लोखंडी दांड्यावरून, म्हणजे शाफ्टवरून, त्या केसाहून पातळ थर उतरवीत. शेजारचा वेल्डर सतत बडबडे, म्हणून त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. तो म्हणे, “ताईंच्या शाफ्टवरून माशीसुद्धा घसरते!”

पुढे डिजिटल कॅलिपर आला. त्याच्यावर आकडा आपोआप दिसे. मी पेटीत पडून राहिलो आणि माझ्यावर धूळ साचली.

एका दुपारी ताईंच्या डोळ्यांपुढे चमचमणाऱ्या नागमोडी रेघा नाचू लागल्या. त्यांनी लगेच मशीन बंद केले. मग त्यांना उजवीकडचे दिसेना, उजवा हात लुळा पडला आणि तोंडातून शब्द फुटेना. सर्वांना वाटले, अर्धांगवायूच. रेडिओने त्यांना तडक दवाखान्यात नेले. रात्रभर त्यांचे डोके ठणकत होते, पण सकाळी हात हलू लागला. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “ही अर्धशिशीच आहे, पण दुर्मीळ प्रकारची. मात्र दर वेळी तीच असेल असं धरून घरी बसायचं नाही. इकडे यायचं.”

गोळ्या सुरू झाल्या. काही महिने त्रास झाला नाही, तेव्हा ताई कामावर परतल्या. मालक दारातच उभे होते.

“त्या दिवशी अर्धं अंग लुळं आणि दुसऱ्या दिवशी ठणठणीत! लोक याला नाटक म्हणतात, ताई.”

“नाटक करायचं असतं तर सुट्टीला जोडून केलं असतं, मालक. मधल्या वारी कोण करतं?”

मालकांना हसू आले, पण ते बधले नाहीत. “तुम्ही आता स्टोअरमध्ये बसा. नटबोल्ट द्यायचे, नटबोल्ट घ्यायचे. चालत्या लेथवर तुमचा हात गेला तर?”

ताई सरळ लेथपाशी गेल्या. लेथ सुटला असता, तर त्यांची आयुष्यभराची विद्या सुटली असती. मग त्यांनी मला पेटीतून काढून पुसले.

“मशीन सुरू करण्याआधी दर वेळी मी याच्यात शाफ्ट धरून आकडा मोठ्याने वाचीन. रेडिओ ऐकेल. अंगठ्याने तुकडा सरकवायचा, वरखाली जुळलेली रेघ शोधायची आणि आकडा बोलायचा. हात, डोळे, जीभ, तिन्हींची परीक्षा. काही चुकलं तर मशीन सुरूच करायचं नाही. आणि मध्येच चमचम दिसली, तर आधी मशीन थांबवायचं लाल बटण. डॉक्टरांना हे दाखवून आलेय.”

“मग डिजिटल घ्या ना!” मालक म्हणाले.

“तो स्वतःच आकडा सांगतो. त्यात माझी परीक्षा कुठे झाली?”

मित्रांनो, वाचायला अवघड म्हणून मी मागे पडलो होतो आणि त्याच कारणाने पुन्हा कामाला आलो! मालक कसेबसे तयार झाले. रोज ताई मला वाचत आणि रेडिओ ओरडे, “पास! पेढे कधी?”

एका सकाळी शाफ्ट लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, बसवलेला होता. ताईंनी मला हातात घेतले. माझ्या उजवीकडच्या रेघा त्यांना दिसेनात.

“बत्तीस... चमचा...”

रेडिओ हसला नाही. त्याने मेन स्विच पाडला आणि खुर्ची आणली. तेवढ्यात ताईंच्या बोटांतून निसटून मी फरशीवर आपटलो. मशीन मात्र थंड होते. कोणालाही ओरखडा आला नाही. रेडिओ त्यांना पुन्हा दवाखान्यात घेऊन गेला.

ताई घरी असताना मी पेटीत विचार करत होतो. दुखणे दिसत नाही म्हणून ते खोटे नसते. मित्रांनो, आज पडून उद्या उभ्या राहणाऱ्याला नाटकी म्हणू नका. त्याच्या शेजारी रेडिओसारखे कान देऊन उभे राहा.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, पुन्हा काही महिने वाट पाहायला लावली आणि मग परवानगी दिली. ताई आल्या, तेव्हा मालकांच्या हातात स्टोअरची किल्ली होती. ताईंनी आधी माझे जबडे मिटवले. पडल्यामुळे एक जबडा किंचित वाकला होता. शून्यावर शून्य येत नव्हते.

“हा गेला. भंगारात टाका,” मालक म्हणाले.

“का? मिटल्यावर शून्य पूर्णांक शून्य चार दाखवतोय. दर वेळी तेवढंच वजा करायचं. किती चुकतो ते ठाऊक आहे ना आता?”

मालकांनी माझे जबडे स्वतः मिटवून पाहिले. मग त्यांनी किल्ली खिशात टाकली. “लावा जॉब लेथवर.”

ताईंनी मला वाचले. रेडिओने मान हलवली. लेथ फिरू लागला. काम संपल्यावर ताईंनी शाफ्ट माझ्या जबड्यांत धरला.

“बत्तीस पूर्णांक शून्य चार!”

“वजा?” रेडिओने विचारले.

“वजा शून्य पूर्णांक शून्य चार.”

मालकांनी तोच शाफ्ट डिजिटलवर मोजला. पडद्यावर आकडा आला: ३२.००.