कुवेतचा आरसा

रोह्याच्या दवाखान्याच्या आवारात मुसा आपल्या सवारीच्या जीपच्या डाव्या आरशाचा नट पान्याने पिळत होता. नट हलेना. आत गावातल्याच हिरामणच्या पायाला प्लास्टर चढत होतं.

सकाळी कोलाडच्या अलीकडे मुसाने हिरामणच्या सायकलला मागे टाकलं होतं. पुढे दोन बायका जीपला हात करत होत्या. आरशात सायकल चांगली लांब दिसली, म्हणून त्याने जीप डावीकडे घेतली, आणि हिरामणचा पाय मागच्या चाकाखाली गेला.

"काढतोस कशाला?" बहिणीचा नवरा वासिफ शेजारी सिगारेट ओढत उभा होता. तो कुवेतला ड्रायव्हर. रजेवर येताना हा आरसा त्यानेच भेट आणलेला. "फुगीर काच लांबच दावते. लिवलंय ना त्यावर, दिसतं त्यापेक्षा वस्तू जवळ हाय."

पाना थांबला. काचेच्या तळाशी अरबीत एक ओळ होती. मुसाची आई बिल्किस कुराण घडाघडा वाचायची. अक्षरं लागत, अर्थ नाही. अरबीत अल्लाच्या नावाखेरीज कुणी काही लिहीत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. रोज सकाळी ती पदराने ती ओळ पुसायची, बोटं ओठांना, डोळ्यांना लावायची, मगच जीप दारातून हलायची.

"तुला ठावं होतं?"

"तिकडं पोरासोरांना ठावं." वासिफने बत्तिशी दाखवली. "अम्मा रोज मुका घेते त्याचा. मजा वाटायची. कशाला सांगू?"

मुसाला किळस आली. त्या दातांची, त्या सेंटच्या वासाची. महिनाभर तिच्याच हातचं खाऊन हा तिचाच तमाशा बघत होता. तो बाजूला जाऊन थुंकला, तरी तोंडातली घाण गेली नाही.

तेवढ्यात रिक्षातून बिल्किस उतरली. हिरामणची बायको काशीबाई धावत बाहेर आली आणि तिच्या गळ्यात पडली.

"पाय मोडला गो, पन मानूस वाचला. तुमच्या आरशावर देवाचं नाव हाय, म्हनून वाचला." डोळे पुसून काशीबाईने आरशाला हात जोडले.

बिल्किसचा चेहरा उजळला. "व्हय ना रं, मुसा?"

वासिफ गालातल्या गालात हसत मुसाकडे बघत होता.

"व्हय, अम्मा," मुसा म्हणाला आणि पाना खिशात घातला.

दोघी आत गेल्या. वासिफने मागून त्याच्या खांद्यावर हात टाकला. तो झटकावा असं मुसाला फार वाटलं, पण आता कुठल्या तोंडाने झटकणार?