ओळींमधला श्वास

बाबांनी तोंडात ओढायचा श्वासाचा पंप बंद केल्याचं सुमेधाला बेबीआत्याकडून कळलं, तेही मोठ्या कौतुकानं.

"माह्या भावाकडं पाह्य न! हळदीच्या गोळीवर विहारात आख्खी वंदना म्हणून राहिला. मी बी सोडला पंप."

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या ओतकामाच्या कारखान्यात धूळ खाऊन बाबांची फुफ्फुसं कायमची अधू झाली होती. बेबीआत्याची चुलीच्या धुरानं. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या आता दोघंही घेत होते.

"बाबा, काहून बंद केला पंप?"

"तूच तर वाचून दाखवलं बेटा, हळदीनं सूज उतरते."

"ते बहुतेक उंदरांवरचं. माणसांवरचे प्रयोग थोडे, तेही लहान. आणि त्यातले लोक पंप घेतच होते, गोळी फक्त जोडीला."

"अच्छा? मग रविवारी विहारात ये. कागदातला माणूस सोड, समोरचा पाह्य."

रविवारी ती पंप पर्समध्ये टाकून गेली. पांढऱ्या सदऱ्यातले बाबा बुद्धमूर्तीपुढं उभे होते. त्यांनी एक ओळ म्हणायची, मग सगळ्यांनी तीच मागून म्हणायची, अशी तिथली रीत. सगळ्यांनी डोळे मिटले. सुमेधानं मिटले नाहीत.

लोक म्हणत तेव्हा बाबांचे ओठ बंद असत. खांदे वर चढत, गळ्याखालचा खळगा आत ओढला जाई, बोटं टेबलाची कड घट्ट धरत. छातीतली शिट्टी शंभर आवाजांखाली दबून जाई. मग लोकांची ओळ संपायच्या आत ते पुढची उचलत आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा थोडी लवकर, अर्धवटच सोडून देत. उरलेली लोक पाठ असल्यानं पुरी करत. आख्खी वंदना बाबा म्हणतच नव्हते.

पुढं बसलेल्या बेबीआत्याचे ओठ निळसर दिसत होते. ती तल्लीन होती.

सुमेधा उठली. शेजारच्या दयारामकाकांनी तिचा हात धरून खाली ओढलं. "बस न बेटी, वंदना चालू हाय."

"काका, बाबांना..."

"बस म्हणतो न!"

लोकांची ओळ संपली. पुढची आली नाही. बाबांचं तोंड उघडं होतं, मान ताणलेली, आवाज नाही. सगळे हात जोडून, डोळे मिटून थांबले.

सुमेधानं हात हिसडला आणि ती बसलेल्यांच्या मांड्या तुडवत पुढं निघाली. तेवढ्यात मागून कोणीतरी सवयीनं पुढची ओळ सुरू केली, आणि साऱ्या विहारानं ती उचलली.