खंडेनवमीचं इंडेक्सिंग

उत्तरा गडकरीला विश्राम डोळ्यांसमोर नको असायचा, आणि विश्रामलाही ती. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या त्या खासगी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कायम जागा एक आणि टेम्पररी माणसं ही दोन; मग प्रेम उतू कुठून जाणार!

इंटरनेट तेव्हा फोनच्या लायनीवरून रडतखडत यायचं. म्हणून उत्तराने लिनक्सच्या एका जुन्या मशीनवर सोय केलेली: एकाने उघडलेलं पान तिथे साठायचं आणि पुढच्याला लगेच मिळायचं. त्या साठ्यात शब्द टाकून शोधता यावं, म्हणून आता इंडेक्सिंग, म्हणजे कुठला शब्द कुठल्या पानावर याची सूची बनवणं, चाललं होतं. लॅब रिकामी असली की ठरल्या वेळी मशीन आपसूक कामाला लागायचं, थोडी पानं वाचायचं आणि थांबायचं.

"बाईंनी गोगलगाय पाळलीय," विश्राम पोरांसमोर म्हणाला. "एका फटक्यात उरकायचं ना!"

"मग सगळी लॅब ठप्प होईल. अक्कल नसेल तर निदान माझ्या मशीनला हात लावू नकोस."

पोरं फिदीफिदी हसली. विश्रामचा चेहरा कडूजार झाला.

उरलेली सगळी पानं तिने दसऱ्याच्या सुट्टीवर टाकली. सुट्टीनंतर लगेच प्राचार्या टिपणीस बाई ही शोधायची सोय बघणार होत्या, आणि जागा कुणाची ते त्यावरच ठरणार होतं. खंडेनवमीला निघताना उत्तराने शिपाईकाम करणाऱ्या मंजुळामावशींना बजावलं, "मशीनची पूजा नीट करा हं."

सुट्टी संपली. बाईंना घेऊन ती लॅबमध्ये आली, तर मशीन हार घालून ठार बंद. घाईघाईने चालू केलं. बाईंनी ठाण्याच्या खाडीबद्दलचा एक शब्द टाकला. काहीच नाही; ती पानं वाचायचीच राहिलेली. दुसरा टाकला. तेच.

उत्तराचा तोल गेला. "हा याचाच डाव! बाई, यानेच बंद केलंय!"

"नाय ताई, मी बंद केला," मंजुळामावशी दारातून म्हणाल्या. "तुमीच बोललाव ना, नीट पूजा कर. चालू हत्याराला कुनी हलद-कुकू लावतं का?"

विश्राम शांतपणे म्हणाला, "दसऱ्याला देवीला आलेलो, तेव्हा डोकावलेलो इथे. बंद दिसलं. पण हात लावायचा नाही असा हुकूम होता ना!"

उत्तराला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"माझ्यादेखत खोटा आळ घेतलात," टिपणीस बाई म्हणाल्या. "माफी मागा त्यांची. आणि लॅब आजपासून विश्राम बघतील."

उत्तराने पासवर्ड सांगितला. माफी मागितली नाही. ती पर्स भरत असतानाच पोरं वर्गाला आली, जागेवर बसली. विश्राम तिच्या खुर्चीत टेकला. "ही गोगलगाय आधी काढतो," तो बाईंना म्हणाला. "आत्ता दाखवतो, एका फटक्यात."

तिने ऐकलं. बाईंना सांगता आलं असतं. ती बाहेर येऊन चपला घालू लागली.

आत आधी एक पोरगा ओरडला, मग सगळेच. "सर, अडकलं! सर, काहीच हलत नाही!"

"उत्तराताई!" विश्रामची हाक आली. आज पहिल्यांदाच ताई. "अहो उत्तराताई, हे थांबवायचं कसं?"

तिने दुसरी चप्पल घातली आणि जिना उतरली.